याडीला नेसवलेली पैठणी

माझी याडी आयुष्यात कधी पैठणी नेसली नाही. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यावर आईला तसंच म्हणतात, आणि तिच्याबद्दल लिहिताना मला दुसरा शब्द सुचत नाही. ती कधी धबधब्यासमोर उभी राहिली नाही. तिचे गाल कधी गुलाबी नव्हते. तरीही ती गेल्यावर दहाव्या दिवशी माझ्या भावानं पिशवीतून फोटोची जी चौकट बाहेर काढली, तिच्यात ती जांभळ्या पैठणीत, मागे धबधबा घेऊन उभी होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. बापूंना, म्हणजे वडिलांना, जाऊन सहा वर्षं झाली होती.

“कसा झाला?” भावानं विचारलं.

“हे दागिने कोणाचे आहेत?” मी म्हणाले.

“कोणाचे म्हणजे? फोटोतलेच.”

वहिनी कपाळावरचा पदर सावरत जवळ आली. “छान दिसून राह्यल्या ना, बाई? एकदम शिकल्यासवरल्या वाटतात.”

मी तालुक्याच्या गावी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. घरात शिकलेली म्हणून माझंच नाव घेतलं जातं. ते वाक्य वहिनी भल्या मनानं बोलली हे मला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. म्हणजे इतकी वर्षं जी बाई या घरात वावरली ती कशी वाटत होती?

तेरवीला तीन दिवस होते. त्या दिवशी तांडा येणार, महागावकडचे नातेवाईक येणार, सगळे त्या फोटोपुढे हात जोडणार. मग तो समोरच्या खोलीत लागणार आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच राहणार. भावाच्या मुली मोठ्या होतील, त्यांना मुलं होतील, आणि ती मुलं आपली पणजी म्हणून त्या जांभळ्या बाईकडे बोट दाखवतील. मला हे होऊ द्यायचं नव्हतं.

आमच्याकडे या प्रकाराला मिक्सिंग म्हणतात. माणूस गेला की घरचे त्याचा सापडेल तो फोटो घेऊन दुकानात जातात. दुकानदार त्यातून फक्त तोंड कापून घेतो आणि खाली नवं शरीर लावतो. आमच्या तांड्यावर जवळजवळ प्रत्येक घरात भिंतीवर एक मेलेला माणूस निळा कोट घालून बसलेला आहे. त्यातल्या एकानंही आयुष्यात कोट शिवला नव्हता. मी लहानपणापासून हे कोट पाहत आले होते आणि मला त्यांचं हसू यायचं. आपल्या घरावर वेळ आली तेव्हा हसू आलं नाही.

कारण हा तर सापडेल तो फोटो नव्हता. तो मी काढला होता, आणि तो काढायला मला तीन हिवाळे लागले होते.

फोटो काढायचा नाद मला उशिरा लागला. शाळेच्या ग्रंथालयाच्या भिंती उघड्या होत्या, तिथं पुस्तकांची चांगली मोठी चित्रं लावावीत म्हणून मी फोनवर पुस्तकांचे फोटो काढायला लागले. ते इतके वाईट आले की मला त्याचंच वैषम्य वाटलं. मग घरच्या घरी स्टुडिओ कसा करावा, हे सांगणारे व्हिडिओ मी पाहू लागले. त्यात बोलणाऱ्या मुलांची घरं पांढरी असत, भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे. ‘घरात असेल ते वापरा’ असं म्हणत ते ज्या वस्तू काढायचे, त्यातली एकही आमच्या घरात नसायची.

शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत मी तांड्यावर जायची, बोरी अरबहून पुढे. तिथंच माझे प्रयोग चालायचे. बिस्किटाच्या खोक्याची एक बाजू कापून तिथं चित्रकलेच्या सरांकडून आणलेला ट्रेसिंग पेपर लावला आणि आत बल्ब सोडला, त्याचा उजेड मऊ यायचा. काळ्या पडद्यासाठी घोंगडी टांगली. फोन हलू नये म्हणून कापडी पिशवीत तूर भरली आणि स्टुलावर ठेवली. तुरीत फोन रुतवला की हवा तसा तिरपा उभा राही. खिडकीला गज होते, त्यांच्या पट्ट्या वस्तूवर पडायच्या, म्हणून बापूंचं जुनं धोतर खिडकीवर बांधलं. आणि एवढं करून सगळ्या वस्तू निळ्या यायच्या. मला महिनाभर कारण कळलं नाही. आमच्या भिंतींना भावानं हौसेनं आकाशी ऑइलपेंट दिला होता. वांगं ठेवा की वाटी, भिंत आपला रंग तिच्यावर फेकत होती.

“वांग्याले पावडर लावून राह्यली का?” याडी दारातून विचारायची. आम्ही घरात गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण तिचं बोलणं मी इथे आमच्या भागातल्या मराठीत लिहिते आहे, वाचणाऱ्याला अडू नये म्हणून.

“फोटो काढते आहे.”

“वांग्याचा?”

“हो.”

“अन् मंग त्याचं लग्न जुळवतं का?”

तिच्या बोलण्यात असं तिखट नेहमी असायचं. ती दिवसभर शेतात, मी घरात वांग्यापुढे वाकलेली. तिला त्यात काही गैर वाटत नव्हतं, फक्त करमणूक वाटत होती.

मग दिवाळीनंतर कापूस घरात आला. ज्यांनी आमच्याकडची घरं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं: वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच ठेवतात. समोरची खोली मोकळी करतात आणि ती जमिनीपासून आढ्यापर्यंत भरत जाते. दोन-तीन महिने घरातली माणसं कडेकडेनं चालतात. उन्हं तापू लागली की त्या कापसानं अंगाला खाज सुटते. पाहुणा आला तर तो अंगणात बसतो. मी लहानपणापासून त्या खोलीला अडगळ समजत होते.

एका दुपारी मी वांग्यांची टोपली त्या खोलीच्या दारात ठेवली आणि दोरी शोधायला वळले. परत आले तर टोपलीतली वांगी वेगळीच दिसत होती. खिडकीतून आलेलं ऊन कापसाच्या ढिगावर पडत होतं आणि ढीग ते सगळीकडून परत देत होता. वांग्याच्या काळ्या सालीवर एक लांब, मऊ, पांढरी रेघ होती. सावल्या होत्या, पण त्यांच्या आतलंही दिसत होतं. ज्याच्यासाठी व्हिडिओतली मुलं पांढऱ्या छत्र्या उघडत होती, ते आमच्या घरात दरवर्षी आढ्यापर्यंत भरलेलं असायचं. मी याडीला हाक मारून दाखवलं.

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “वांगं तं काळंच हाय.”

“हो, काळंच.”

“पण चांगलं दिसून राह्यलं.”

याडी काळी होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांनी एकतर हे लपवलं होतं किंवा फक्त एवढंच दाखवलं होतं. आधार कार्डावर ती पदर घेतलेला एक काळा डाग आहे, नाक-डोळे नाहीत. चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोत चेहऱ्यावर इतका उजेड टाकलेला की ती राखेची वाटते. मी फोन घेतला तेव्हा त्यात माणसाला गोरं करायची सोय दुकानातूनच चालू होऊन आली होती. ती बंद कुठे होते हे शोधायला मला दोन दिवस लागले. कोणी हे मागितलं होतं? मी तर मागितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी कापसाच्या खोलीत खूप काही काढलं: तुरीच्या शेंगा, विळा, बापूंचा चष्मा, ग्रंथालयातली जुनी पुस्तकं. कापूस कधी खूप पांढरा येऊन वस्तू काळी पडायची, कधी वस्तू बरी येऊन कापूस मळका दिसायचा. उजेड वस्तूवरच मोजायचा, ढिगावर नाही, हे हळूहळू कळलं. दुसऱ्या हिवाळ्यात मला वाटलं, आता माणूस बसवता येईल. मी वहिनीला विचारलं, ती लाजली. भाऊ म्हणाला, “कापसात बसून? लोक म्हणतीन, याच्या घरी खुर्ची नाई.”

तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी याडी स्वतःच म्हणाली, “मले बसव.”

मी स्टूल ठेवलं, पिशवीतली तूर हलवून फोन रुतवला, धोतर खिडकीला बांधलं. ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला वाटलं, विसरली. मग पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली ती फेटिया घालून. फेटिया म्हणजे आमचा घेरदार घागरा, काचळी म्हणजे आरसे लावलेली चोळी, आणि डोक्यावरून घेतात ती छांटिया. हे सगळं तिनं कित्येक वर्षांत अंगाला लावलं नव्हतं. ती वाळली होती. काचळीच्या नाड्या दोनदा गुंडाळून बांधाव्या लागल्या. केसांत घुगरी नव्हती, दंडावर चूडो नव्हता. ते सवाष्णीचे दागिने बापू गेले त्या दिवशी उतरवले होते आणि ते तिनं पाळलं. बाकी सगळं होतं.

“अशी?” तिनं विचारलं.

“अशीच,” मी म्हणाले.

ती बसली आणि खोली बदलली. काचळीवरच्या आरशांनी खिडकी पकडली. प्रत्येक आरशात एक लहान खिडकी, आणि तिनं श्वास घेतला की त्या सगळ्या खिडक्या हलायच्या, आढ्यावर ठिपके धावायचे. फोनला ते सोसेना. मी तिला थोडं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग ढिगाजवळ सरकवलं. एका बाजूच्या आरशांतली खिडकी गेली आणि तिथं कापूस आला. दुसऱ्या बाजूचे तसेच राहू दिले.

“तोंड कसं करू?”

“जसं आहे तसं.”

“हे असंच आहे. देवानं दुसरं देलं नाई.”

हे म्हणून होताना जे तोंड होतं, ते मी घेतलं. हसू नव्हतं, हसू येण्याच्या आधीचं काहीतरी होतं. काळी कातडी, गालांवरच्या सुरकुत्या, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, मांडीवर उताणे ठेवलेले हात, आणि चारी बाजूंना कापूस. मी तिला फोन दाखवला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

“हां,” ती म्हणाली. “हे मी.”

पुढचा कापूस फुटायच्या आधी ती गेली. तापानं आठ दिवस अंथरुणाला होती, नवव्या दिवशी गेली. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

भावानं माझ्याकडे तिचा चांगला फोटो मागितला तेव्हा मी तोच पाठवला. दुसरा विचारही मनात आला नाही. आणि त्यानं त्यातलं काय ठेवलं? हनुवटीपासून कपाळापर्यंतचं तोंड. तेही गोरं करून.

अकराव्या दिवशी मी एसटीनं तालुक्याच्या गावी गेले. मिक्सिंगचं ते दुकान एका बोळात आहे. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि स्वभावानं वाईट मुळीच नाही. भांडायला गेलेल्या माणसाची त्यामुळे पंचाईत होते.

“मॅडम, मूळ फोटो तुमी काढला का? मेहनत भल्ली घेतली,” तो म्हणाला. “पण मागं काय होतं थे? ढग?”

“कापूस.”

“कापूस!” त्यानं चष्मा खाली ओढला आणि पडद्यावर परत पाहिलं. “मले वाटलं आईले ढगावर बसवलं. म्हनून म्हटलं, ढगापरीस धबधबा बरा. अन् अंगावर सगळीकडं चमका आल्या होत्या.”

“आरसे आहेत ते. काचळीचे.”

“अस्सं. मले वाटलं फ्लॅश उलटला.”

“आणि मंगळसूत्र? माझे वडील हयात नाहीत.”

तो जरा वरमला. “थे साडीसंगच येते.”

“म्हणजे?”

त्यानं दाखवलं. संगणकात एक फोल्डर होतं, त्यात बायकांची शरीरं होती, डोकं नसलेली. हिरवी साडी, लाल साडी, जांभळी पैठणी. प्रत्येकीचे हात सारखे, नखं रंगवलेली, गळ्यात मंगळसूत्र. पुरुषांचं फोल्डर वेगळं. त्यात कोट होते.

“ही बाई कोण?” मी पैठणीवर बोट ठेवून विचारलं.

“काय माईत. फाइलसंग आली. या महिन्यात चार जनीले लागली.”

चार जणींना. म्हणजे या तालुक्यात चार घरांत, चार वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या गळ्याखाली ही एकच परकी तरुण बाई होती, आणि लोक तिला हार घालत होते. तिचे गोरे, बिनकामाचे हात माझ्या याडीच्या हातांच्या जागी होते. मी एवढंच विचारलं, “साडीत करायचं कोणी ठरवलं? तुम्ही?”

“नाई बा! तुमच्या भावानं सांगतलं. ‘साडीत करा, चांगल्यातली टाका,’ म्हने. आमी कायले ठरवू?”

म्हणजे दुकानदाराची चूक मंगळसूत्राएवढीच होती. मी त्याला माझा फोटो मोठा छापून मागितला, जसा आहे तसा.

“काहीच नाई करू? मॅडम, काळा येईन. लोक म्हनतीन दुकानदाराले अक्कल नाई.”

“म्हणू द्या.”

बाराव्या दिवशी तो घ्यायला गेले. कापूस होता, आरसे होते, हात होते, रंग तिचाच होता. तरी काहीतरी खटकत होतं. मी फोन काढून शेजारी धरला. हनुवटी कोरी होती. गोंदणाचे तिन्ही ठिपके गेले होते.

“ते कुठे गेले?”

“काय?”

“इथले तीन ठिपके.”

“धूळ होती, मॅडम. तेवढी साफ केली. फुकट.”

पैठणीच्या फोटोत इतकं खोटं होतं की तिथलं गोंदण गेलेलं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं की माझ्यादेखत सगळं उलटं करा, एकेक. तो कुरकुरला नाही. एक एक पायरी मागे जाऊ लागला. हनुवटीवर पहिला ठिपका परत आला, मग दुसरा. मला कळलं की त्यानं डाव्या गालावरची सुरकुतीही ‘थोडी’ मिटवली होती. तीही परत आली.

“माह्या मायलेही होतं गोंदण,” तो पडद्याकडे पाहतच म्हणाला. “इथीच. हनुवटीवर.”

त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याच्या आईचा फोटो होता, हार घातलेला. मी वर पाहिलं. हनुवटी गुळगुळीत होती. त्यानं माझी नजर पाहिली असावी. फोटो छापला, चौकटीत बसवला, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

तेरवीच्या सकाळी मी तो घेऊन तांड्यावर पोचले. समोरच्या खोलीत, जिथं दरवर्षी कापूस भरतो तिथं, सतरंज्या पडल्या होत्या आणि भिंतीशी स्टुलावर पैठणी उभी होती. हार घालून झाला होता.

मी वर्तमानपत्र थोडं बाजूला करून भावाला दाखवलं. त्यानं पाहिलं आणि परत झाकलं.

“नाई,” तो म्हणाला.

“का नाही?”

“पाहुने येऊन राह्यले, बाई. आज नको.”

“आजच. उद्या काय उपयोग?”

“विधवा बाईनं आरशाची काचळी घातली म्हनून लोक बोलतीन.”

“तुझ्या पैठणीवर मंगळसूत्र आहे. ते लोकांना दिसत नाही?”

त्यानं वळून पाहिलं. त्याला खरंच दिसलं नव्हतं. तीन दिवस तो फोटो घरात होता आणि कोणाला दिसलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. मला त्यानं हाताला धरून अंगणात नेलं.

“तुले लायब्ररीत बसून मोठं सोपं आहे. एसटीत पोट्टे तिच्या फेटियाले पाहून बोलायचे, आवाज काढायचे, तवा लहानपनी मीच संग असायचो. तू असायची का? मी दहा पावलं मागं चालायचो, मले तिचा पोरगा म्हनून कोनी ओयखू नये म्हनून. थे मले पुन्हा भिंतीवर पाहाचं नाई.”

“म्हणून तिला परकं अंग लावायचं?”

“साडी मी नाई नेसवली तिले,” तो म्हणाला. आवाज मुळीच चढला नव्हता. “तू नेसवली. आठवीत होती तू.”

मला आधी समजलंच नाही तो काय बोलतो आहे. मग समजलं.

आठवीत मला निबंधाचं बक्षीस मिळालं होतं. शाळेत आईवडिलांना बोलावलं होतं. मी याडीला म्हणाले होते, साडी नेसून ये, नाहीतर येऊ नको. भाऊ चौथीत होता, चुलीजवळ जेवत होता. त्यानं ऐकलं होतं. मला आठवतं ते एवढंच की ती आली, कोणाची तरी मागून आणलेली पिवळी साडी नेसून, निऱ्या उलट्या खोचलेल्या, आणि शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसली. मी बक्षीस घेऊन खाली उतरले आणि तिच्याकडे न जाता मैत्रिणींकडे गेले. त्यानंतर ती साडीच नेसायला लागली, तांड्यावरसुद्धा. फेटिया पेटीत गेला. इतकी वर्षं मी समजत होते की काळ बदलला म्हणून तिनं तो सोडला. मी लोकांना तसं सांगतही आले.

भाऊ माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

पण माझा राग कमी झाला नाही, हेही लिहायला हवं. माझी चूक होती म्हणून त्याची पैठणी खरी होत नव्हती. मी तिला एक दिवस साडी नेसायला लावली आणि ती जन्माची झाली. आता तो तिला मेल्यावर पैठणी नेसवत होता, ती कायमची होणार होती. आणि मधल्या सगळ्या वर्षांत एकदा, एकाच दुपारी, तिनं कोणी न सांगता पेटी उघडली होती. आम्हा दोघांपैकी कोणाला ती दुपार पुसायचा हक्क होता? मी आत जाऊन भिंतीशी बसले, चौकट मांडीवर घेऊन, तशीच गुंडाळलेली.

माणसं येऊ लागली. फोटोपुढे हात जोडायचे, फूल ठेवायचे, बसायचे. “छान आला फोटो,” असं दोघे-तिघे म्हणाले. भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता.

मग काकी आली. काकी आणि याडी एकाच वर्षी या तांड्यावर सुना म्हणून आल्या. जन्मभर एकमेकींच्या शेतात वेचणीला गेल्या, आणि तितकाच काळ एकमेकींशी भांडल्या. आता तांड्यावर रोज फेटिया घालणाऱ्या दोघी-तिघीच उरल्या आहेत. काकी त्यातली एक. ती माहेरच्या गावी होती, तिला उशिरा कळलं होतं. ती काठी टेकत आत आली, पैठणीपुढे उभी राहिली, हात जोडले, आणि इकडेतिकडे पाहू लागली.

“तिचा फोटू कुठी ठेवला?” तिनं वहिनीला विचारलं.

“काकी, हा काय समोर.”

“हे तं कॅलेंडर व्हय. कोनती देवी हाय ही? देवीले काहून हार घातला तेरवीचा? काढा थो. तिचा फोटू लावा.”

एका पाहुण्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. वहिनी म्हणाली, “काकी, आत्याबाईच आहेत त्या.” काकी अगदी जवळ गेली, काचेला नाक लागेल इतकी, आणि मान हलवली.

“नाई व. मले नका सांगू. मी तिले वयखत नाई का?”

मी वर्तमानपत्र सोडलं. ठरवून सोडलं असं म्हणता येणार नाही. चौकट माझ्या मांडीवर उभी धरली. काकी वळली. काठी तिथंच पडली, आणि ती माझ्यासमोर खाली बसली.

“हे पाह्य,” ती म्हणाली. “हे पाह्य कुठी बसली.”

आमच्या बायका रडतात ते सूर धरून. काकीनं छांटिया तोंडावर ओढली आणि सूर धरला. मले न सांगता काचळी घातली व बाई, मले न बोलावता पेटी उघडली, दोघीच्या काचळ्या संग शिवल्या होत्या, तू एकटीच घालून बसली. कापसात बसली अन् मले हाक नाई मारली. तांड्यावरच्या म्हाताऱ्या एकेक करून सरकत आल्या आणि तिच्याभोवती बसल्या. चौकट माझ्या मांडीवरच होती. मला ती खाली ठेवता येईना, कारण त्यांचे हात तिच्यावर होते. माझे पाय बधिर झाले. तेरा दिवस मी रडले नव्हते. तेव्हाही मला मोठ्यानं रडता आलं नाही, पण मी त्यांच्यात होते.

हार पैठणीच्याच गळ्यात राहिला. भावानं तो काढला नाही आणि मी काढायला सांगितलं नाही. जेवणं झाली, माणसं गेली. जाताना काकीनं भावाच्या पाठीवर हात फिरवला. पैठणी आता समोरच्या खोलीत खिळ्यावर आहे. माझी चौकट मी परत घेऊन आले. ती माझ्या भाड्याच्या खोलीत, लिहिते त्या टेबलासमोर आहे.

मी निघताना भाऊ एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आला. बस दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, “बाई, थो कापसातला फोटो फोनवर पुन्हा पाठवजो. माह्याकडून उडाला.”

“मिक्सिंगला देशील?”

तो रस्त्याकडे पाहत राहिला. “पाठव तं आधी,” तो म्हणाला.

मी अजून पाठवलेला नाही.